बाईकचा गिअर इंडिकेटर: आकडा येतो कुठून, बसवायचा कसा आणि त्यात आपल्याला उरतं किती?



व्हिडिओमध्ये मी गिअर इंडिकेटर बसवून दाखवला, पण कॅमेऱ्यासमोर सगळं सांगता येत नाही. वायरिंग करताना हात गुंतलेले असतात आणि हिशोब तर राहूनच जातो. ज्यांना गॅरेज किंवा बाईक ॲक्सेसरीजचं छोटं दुकान टाकायचंय, त्यांनी हे वाचून वहीत टिपून ठेवा. काम छोटं आहे, पण चुकलं की गिऱ्हाईक कायमचं जातं. माझं एक जाता जाता राहिलं, तो किस्सा पुढे येईलच.

आधी जुनी गोष्ट: चेतकच्या मुठीवरचे आकडे

गिअर इंडिकेटर ही नवीन चैनीची वस्तू आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तुमच्या वडिलांची किंवा काकांची बजाज चेतक आठवा. १९७२ पासून पुण्याच्या आकुर्डीत बनलेली ही स्कूटर अर्ध्या महाराष्ट्राच्या घरात होती. गिअर डाव्या मुठीत होता. क्लच दाबायचा, मूठ फिरवायची, आणि मुठीजवळच्या खुणेसमोर १, न्यूट्रल, २, ३, ४ यातलं जे येईल तो गिअर. बॅटरी नको, सेन्सर नको. मूठ आणि गिअरबॉक्स केबलने जोडलेले, म्हणून हातातला आकडा तोच आतला गिअर.

बाईकमध्ये गिअर पायात गेला. पायाची पट्टी दाबली की परत मधल्या जागेवर येते, त्यामुळे पट्टीकडे बघून गिअर कळत नाही. जुना चालवणारा इंजिनच्या आवाजावरून ओळखतो, नवा माणूस चाचपडतो. पुढे डिजिटल मीटर आले. २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएम ड्यूक २०० बाजारात आली, तिच्या मीटरमध्ये गिअरचा आकडा कंपनीतूनच होता. पोरांनी तो पाहिला आणि "माझ्या गाडीला पण पाहिजे" सुरू झालं. आपला धंदा तिथून सुरू होतो.

गिअरबॉक्सच्या आत काय होतं?

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

तुम्ही पायाने पट्टी दाबता तेव्हा आत एक गोल दांडका, त्याला शिफ्ट ड्रम म्हणतात, एक खाच पुढे किंवा मागे फिरतो. ड्रमवर नागमोडी खोबणी कोरलेल्या असतात. त्या खोबणींत फोर्क अडकलेले असतात. ड्रम फिरला की फोर्क डावीउजवीकडे सरकतात आणि ठराविक गिअरची जोडी शाफ्टला अडकवतात. म्हणजे ड्रम कोणत्या खाचेवर थांबलाय तोच तुमचा गिअर. बाईकमध्ये पहिल्यावरून एकदम चौथ्यावर उडी मारता येत नाही ती यामुळेच. ड्रम एका वेळी एकच खाच फिरतो.

आता हा गिअर बाहेर दाखवायच्या तीन पद्धती आहेत.

पद्धत १: प्रत्येक गिअरला एक वायर. ड्रमच्या टोकाला एक संपर्काची टिकली असते आणि समोर झाकणात गोलाकार पितळी ठिपके. ड्रम फिरला की टिकली एकेका ठिपक्याला टेकते आणि त्या ठिपक्याची वायर अर्थ होते. न्यूट्रलचा हिरवा दिवा जवळपास प्रत्येक गाडीत असाच लागतो. तिथे ठिपका एकच असतो, इथे सगळ्या गिअरचे असतात एवढाच फरक.

पद्धत २: एकच वायर, वेगवेगळा व्होल्टेज. प्रत्येक ठिपक्यामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो. गिअर बदलला की एकाच वायरवरचा व्होल्टेज बदलतो आणि मीटर किंवा ईसीयू त्यावरून आकडा ठरवतो. वायरी कमी लागतात, म्हणून ही पद्धत आवडीची.

पद्धत ३: हिशोब करून ओळखणं. गिअरबॉक्सला हातच लावायचा नाही. इंजिन मिनिटाला किती फिरतंय आणि चाक किती फिरतंय, हे दोन आकडे घ्यायचे आणि भागाकार करायचा. बाजारात 'युनिव्हर्सल' म्हणून मिळणारे बरेच इंडिकेटर असेच चालतात.

भागाकाराचं उदाहरण

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ, हे कुठल्या एका मॉडेलचे नाहीत. साध्या शंभर सीसी गाडीच्या १८ इंची मागच्या चाकाचा घेर टायरसकट साधारण १.८७ मीटर भरतो. गाडी ताशी ४० किलोमीटरने चाललीय, म्हणजे मिनिटाला ६६७ मीटर. ६६७ भागिले १.८७, चाक मिनिटाला सुमारे ३५६ वेळा फिरलं. त्याच वेळी इंजिन ४,२७० वर फिरतंय. ४,२७० भागिले ३५६ म्हणजे १२.

आता वेग ३० केला, गिअर तोच ठेवला. चाक २६७ वेळा फिरतं, इंजिन ३,२०० च्या आसपास. भागाकार परत १२! वेग बदलला, पण भागाकार बदलला नाही. गिअर एक खाली टाकला की तोच भागाकार १६ वर जाईल, अजून खाली टाकला की २२ वर. प्रत्येक गिअरचा भागाकार ठरलेला. इंडिकेटरला एकदा तो शिकवायचा, मग तो ओळखत राहतो.

यातूनच त्याच्या मर्यादाही कळतात:

- क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो. भागाकार भलताच येतो, म्हणून चांगला इंडिकेटर तेव्हा नुसती आडवी रेघ दाखवतो.
- गाडी उभी असताना चाक शून्य. तेव्हा हिशोबच होत नाही. न्यूट्रलची वायर जोडली असेल तर फक्त न्यूट्रल कळतं.
- पुढचा किंवा मागचा स्प्रॉकेट वेगळ्या दातांचा टाकला की भागाकार बदलतो. इंडिकेटर नव्याने शिकवावा लागतो.

बेलापूरकरांना हे मी आपल्या स्टेशनवरून समजावतो. पाटीवर नाव 'बेलापूर', पण उतरलात की तुम्ही श्रीरामपुरात असता. पाटी खोटी नाही, पण ती कशावरून लिहिलीय हे माहीत नसेल तर नवा माणूस गोंधळतो. गिऱ्हाइकालाही बसवायच्या आधीच सांगा की हा आकडा हिशोबावरून येतो, गाडी उभी असताना त्यावर विसंबू नका. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

माझी चूक

आता किस्सा. दुकान नवं होतं. पंचक्रोशीतले एक काका, रोज सकाळी बाईकवर कॅन अडकवून संकलन केंद्रावर दूध घालणारे. डाव्या पायाच्या घोट्याला जुनी दुखापत, गिअर पडला की नाही हे पायाला नीट कळत नव्हतं. उसाच्या हंगामात अंधारात पुढे ट्रॉली आली की गाडी हळू करायची, आणि मग कुठल्या गिअरवर आहोत हेच कळत नसे. इंडिकेटरची खरी गरज असलेलं हे गिऱ्हाईक.

मी बसवून दिला. पण चावीवरची वायर शोधायला वेळ जात होता, बाहेर दोन गाड्या थांबल्या होत्या. मी लाल वायर सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडली. आकडा झकास उमटला. काका खूश, मी खूश.

महिनाभराने काका नातेवाइकांकडे लग्नाला गेले. गाडी पाच दिवस उभी. परत आल्यावर पहाटे कॅन भरले, गाडीला अडकवले, बटण दाबलं. काही नाही. किक मारली, तरी नाही. गाडी फ्युएल इंजेक्शनची, पंपालाच ताकद मिळेना. दुसरी गाडी मिळेपर्यंत केंद्राची वेळ संपली. त्या सकाळचं दूध घरी परत आलं.

हिशोब आता करतो, तेव्हा करायला हवा होता. इंडिकेटर ३० मिलिअँपिअर खात होता. दिवसाचे २४ तास, पाच दिवस म्हणजे १२० तास. १२० गुणिले ०.०३, झाले ३.६ अँपिअर-तास. बॅटरी अख्खी ४ अँपिअर-तासांची! एवढासा आकडा, पण त्याने बॅटरी चाटूनपुसून खाल्ली.

काका दुकानात आले, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "दादा, आकडा दिसत होता ओ, पण गाडीच निघाली नाही." ते वाक्य अजून डोक्यात आहे. मी बॅटरी चार्ज करून दिली, वायरिंग नव्याने केलं आणि दुधाचे पैसे दिले. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मी खिशात घातले. त्या दिवसापासून दुकानात नियम आहे: चावी बंद केल्यावर करंट मोजल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही.

बसवायची पद्धत, क्रमाने

१. काम घेण्याआधी. मॉडेल, वर्ष, कार्ब्युरेटर की इंजेक्शन, वॉरंटी चालू आहे का, हे वहीत लिहा. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या गाड्या बीएस-६ च्या आहेत, त्यात ईसीयू आणि सेन्सर जास्त. अशा गाडीला त्या मॉडेलसाठी बनवलेला, कपलरला कपलर लागणारा किट मिळत असेल तर तोच घ्या. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापली तर कंपनी हात वर करू शकते, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा.

कायद्याचं पण विचारतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असं सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही, ज्याने नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीचं मूळ मोजमाप यांत फरक पडेल. गिअरचा आकडा दाखवणारी डबी आर.सी.वरचा तपशील बदलत नाही. पण तिच्यासाठी मीटर, वॉर्निंगचे दिवे किंवा हेडलाइट झाकू नका.

२. गाडी हातात घेतल्यावर. न्यूट्रल दिवा, हॉर्न, सेल्फ, इंडिकेटर, ब्रेकलाइट सगळं गिऱ्हाइकासमोर तपासा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. "आधी चालू होतं, तुम्ही बिघडवलं" हा वाद इथेच मिटतो. बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना साधारण १२.५ व्होल्ट, रेज केल्यावर १३.५ ते १४.५ च्या मध्ये. हेच नीट नसेल तर आधी ते दुरुस्त करा.

३. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. पाना पॉझिटिव्हवर असताना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडणार नाही.

४. वायर मीटरने शोधा, रंगावरून नाही. रंग कंपनीप्रमाणे बदलतात. शोधताना बॅटरी परत जोडा, मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य दाखवणारी वायर हवी. हॉर्नच्या किंवा ब्रेकलाइटच्या स्विचला येणारी पुरवठ्याची वायर बहुतेक वेळा कामाला येते. हेडलाइटच्या वायरला हात लावू नका. बऱ्याच जुन्या साध्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो, रेज केल्यावर व्होल्टेज वरखाली होतो आणि इंडिकेटर जळतो.

५. जोडणी. पुन्हा निगेटिव्ह काढा. पुरवठ्याच्या वायरवर १ अँपिअरचा फ्यूज लावा. अर्थ मूळ हार्नेसच्या अर्थला द्या, रंग लावलेल्या नटाला नको. न्यूट्रलची वायर जोडायची असेल तर किटमध्ये डायोड आहे का बघा. नसेल तर उलटा करंट जाऊन हिरवा दिवा मंद पेटत राहतो. बऱ्याच गाड्यांत सेल्फचा संबंध न्यूट्रल स्विचशी असतो, म्हणून तिथे गडबड झाली की सेल्फच बंद पडतो.

इंजिनच्या फेऱ्यांसाठी काही किटमध्ये एक वायर प्लगच्या जाड वायरीभोवती चार-पाच वेढे देऊन गुंडाळायची असते, काहींमध्ये इग्निशन कॉइलच्या वायरीतून खूण घ्यायची असते. किटच्या कागदात जे दिलंय तेच करा. चाकाच्या वेगासाठी गाडीत सेन्सर नसेल तर चाकाला लोहचुंबक आणि शेजारी छोटा सेन्सर लागतो. त्यांच्यातलं अंतर कागदावर दिलेलं ठेवा, आणि चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना बघा.

६. वायर नेण्याची वाट. सायलेन्सर आणि इंजिनच्या फिन्सपासून लांब. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा, वायर ताणली किंवा चिमटली जाता कामा नये. प्रत्येक जोडाला सोल्डर आणि हीट-श्रिंक स्लीव्ह. नुसती टेप लावली तर पहिल्या पावसातच ती सुटते.

७. शिकवणं. इथे नवे पोरं फसतात. मागच्या चाकावर सेन्सर असेल तर मधल्या स्टँडवर, चाक मोकळं ठेवून, एकेक गिअर टाकून शिकवता येतं. पुढच्या चाकावर सेन्सर असेल तर स्टँडवर पुढचं चाक फिरतच नाही! तेव्हा मोकळ्या रस्त्यावर चालवूनच शिकवावं लागतं. क्लच पूर्ण सोडलेला, वेग एकसारखा. चालत्या गाडीवर खाली बघून बटणं दाबायची नाहीत. आपोआप शिकणारा किट असेल तर उत्तम.

८. गाडी देण्याआधी. सगळे गिअर चढते-उतरते बघा. त्यात गाडीचा पॅटर्न लक्षात ठेवा: स्प्लेंडरसारख्या चार गिअरच्या गाडीत सगळे गिअर पुढे दाबून, तर पाच गिअरच्या बऱ्याच गाड्यांत एक खाली आणि बाकी वर. मग चावी बंद करून बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये अँपिअर मीटर घाला आणि इंडिकेटर बसवण्याआधीच्या आकड्याशी ताडून बघा. वाढ शून्य पाहिजे.

तक्रार आली तर

- हॉर्न दाबला की आकडा जातो: अर्थ ढिला, किंवा बॅटरी कमजोर.
- आकडा नाचतो: इंजिनच्या फेऱ्यांची खूण नीट येत नाही. वेढे आणि वायरची वाट तपासा.
- सगळेच आकडे एकाने चुकतात: शिकवताना एक गिअर सुटला, किंवा स्प्रॉकेट बदललाय.
- न्यूट्रल दिवा मंद: डायोड नाही.
- पावसानंतर बंद: जोडात पाणी.

आता हिशोब: १,२०० मध्ये उरतं किती?

माझ्या सुरुवातीच्या डोक्यात सोपं गणित होतं. इंडिकेटर ६५० चा, घेतले १,२००, सुटले ५५०. बीबीए केलं होतं तरी स्वतःच्या दुकानात हेच करत होतो! खरं गणित असं मांडा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

महिन्याचा खर्च: भाडं ४,०००, वीज-इंटरनेट १,५००, मदतनीस ९,५००, स्वतःचा पगार १५,०००. एकूण ३०,०००. महिन्यात २५ दिवस, दिवसाला ६ तास खरोखर बिलात लावता येतात, बाकी वेळ चहा, चौकशी आणि माल आणण्यात जातो. झाले १५० तास. म्हणजे दुकानाचा एक तास २०० रुपयांचा.

आता एक इंडिकेटर: वस्तू ६५०, वाहतूक ४०, फ्यूज-स्लीव्ह-सोल्डर ६०, दीड तास ३००, परत आलेल्या कामासाठी बाजूला ५०. एकूण १,१००. १,२०० घेतले तर उरले १००. आणि तेच काम तीन तास चाललं तर खर्च १,४००. म्हणजे गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं, आणि आपणच वर २०० घातले.

यावरून तीन गोष्टी शिकलो. पहिली, सुरुवातीला तुमच्या भागात जास्त चालणारी दोन-तीनच मॉडेल धरा. त्यांच्या वायरी पाठ झाल्या की तीन तासांचं काम दीड तासावर येतं. नफा वेळेत आहे, वस्तूत नाही. वस्तूची किंमत गिऱ्हाईक मोबाइलवर दोन मिनिटांत बघतं. दुसरी, बिलावर वस्तू आणि मजुरी वेगळी लिहा. तिसरी, दुसरीकडून आणलेली वस्तू बसवून देत असाल तर फक्त मजुरी घ्या आणि हमी फक्त जोडणीची द्या, वस्तूची नाही.

कोणाला विकायचा, कोणाला नाही

गिअरलेस स्कूटरवरून बाईकवर आलेली मुलं-मुली, नव्याने शिकणारे, पायाला इजा असलेले, एकच गाडी दोन-तीन जण चालवतात असे लोक, यांना खरंच उपयोग होतो. वीस वर्षं एकच गाडी चालवणाऱ्या माणसाला तो लागत नाही. मागितला तर द्या, पण गळ्यात मारू नका. आपलं गाव लहान आहे. आज ज्याला नको ती वस्तू दिली, तो उद्या चार जणांना सांगतो. आणि ज्याला "काका, तुम्हाला गरज नाही" म्हणालात, तोही चार जणांना सांगतो.

ते दूधवाले काका अजून माझ्याकडेच येतात. मागच्या हंगामात त्यांनी मुलाची गाडी आणली, इंडिकेटर बसवायला. काम झाल्यावर मी मीटर लावून करंट दाखवला. त्यांनी चष्मा वर करून शून्य बघितलं, मान डोलवली, मगच चावी घेतली.

आजचा गृहपाठ: घरची कुठलीही बाईक घ्या, मल्टीमीटर लावा आणि चावीवर चालू-बंद होणारी एक वायर शोधा. काही कापायचं नाही, फक्त शोधायची. किती वेळ लागला ते वहीत लिहा. मग वर सांगितलं तसं तुमच्या तासाची किंमत काढा आणि त्या वेळेला गुणा. तुमच्या पहिल्या बिलातला मजुरीचा आकडा तिथून सुरू होतो.